विल्फ्रिडची बाजू : ‘द एज ऑफ बीड’ वाचताना

पेंग्विन क्लासिक्स मालिकेतील ‘द एज ऑफ बीड’ हे पुस्तक हाती घेणारा वाचक सहसा बीड या आठव्या शतकातल्या इंग्रज संन्यासी-इतिहासकाराच्या नावाकडे पाहून, किंवा उत्तर इंग्लंडचा लाडका संत कथबर्ट याचे चरित्र त्यात आहे म्हणून ते घेतो. माझे मत असे की, हे पुस्तक विल्फ्रिडसाठी घ्यावे. नॉर्थम्ब्रिया या अँग्लो-सॅक्सन राज्याचा हा बिशप इसवी सन ६३४च्या सुमारास जन्मला आणि सुमारे ७१०मध्ये वारला. त्याच्याच परिवारातील स्टीफन नावाच्या धर्मगुरूने त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत लॅटिनमध्ये त्याचे चरित्र लिहिले, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर या संग्रहात दुसऱ्या क्रमांकावर आहे. संतचरित्र म्हणून ते फसलेले आहे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण वकिलाने अशिलासाठी लिहिलेले कैफियतवजा निवेदन म्हणून वाचले, तर सातव्या शतकातील सत्ता, जमीन आणि धर्म यांच्या गुंत्याविषयी इतके बोलके दुसरे लेखन क्वचितच सापडेल.

पुस्तकाची थोडी माहिती आधी द्यायला हवी. पेंग्विनने १९६५मध्ये जे. एफ. वेब यांनी केलेली तीन भाषांतरे ‘लाइव्हज ऑफ द सेंट्स’ या नावाने काढली होती : ब्रेंडन या आयरिश संताचा समुद्रप्रवास, बीडने लिहिलेले कथबर्टचे चरित्र आणि विल्फ्रिडचे हे चरित्र. १९८३मध्ये डी. एच. फार्मर यांनी त्या संग्रहाचे संपादन करून, बीडने लिहिलेला वेअरमाउथ आणि जॅरो येथील मठाधिपतींचा इतिहास त्यात घातला, नवी प्रस्तावना जोडली आणि नावही बदलले. नंतरच्या आवृत्त्यांत मठाधिपती केओलफ्रिथ याचे एका अनामिकाने लिहिलेले छोटे चरित्रही आले. मूळ लॅटिन मजकूर यात नाही आणि टीपा बेताच्या आहेत. अभ्यासकाला लागणारी सामग्री येथे मिळणार नाही, मात्र ज्याला इंग्रजी सहज वाचता येते पण या काळाची ओळख नाही, अशा वाचकाला एका बैठकीत एक चरित्र संपवता येईल इतके ते सुटसुटीत आहे.

विल्फ्रिडच्या चरित्राकडे वळण्यापूर्वी पार्श्वभूमी दोन वाक्यांत सांगतो. रोमहून आलेला ऑगस्टिन ५९७मध्ये दक्षिणेकडील केंटमध्ये उतरला, तर उत्तरेतील नॉर्थम्ब्रियात ६३५मध्ये आयोना बेटावरच्या आयरिश परंपरेतला एडन आला आणि त्याने लिंडिसफार्न बेटावर मठ उभारला. त्यामुळे एकाच धर्माच्या दोन शिस्ती ब्रिटनमध्ये शेजारी-शेजारी नांदू लागल्या, आणि ईस्टरची तारीख कशी काढायची यावर त्यांचे जमेना. राजा ओस्विऊ आयरिश गणिताप्रमाणे ईस्टरची मेजवानी झोडत असताना केंटहून आलेली राणी एअनफ्लेड रोमच्या गणिताप्रमाणे अजून उपास धरून बसलेली असायची, असे बीडनेच आपल्या मोठ्या इतिहासग्रंथात नोंदवले आहे.

स्टीफनचा विल्फ्रिड चौदाव्या वर्षी सावत्र आईच्या जाचाला कंटाळून घर सोडतो. पण तो अनवाणी बैरागी होऊन निघत नाही. स्वतःला आणि बरोबरच्या नोकरांना शोभेल असे कपडे, घोडे आणि शस्त्रे घेऊन तो राणी एअनफ्लेडच्या दरबारात दाखल होतो. हे वाक्य स्टीफनने सहज लिहून टाकले आहे, पण पुढचा सगळा माणूस त्यात आहे. लिंडिसफार्नवर काही वर्षे काढल्यावर तो रोमची वाट धरतो, लिऑनच्या बिशपाच्या इतका मर्जीत बसतो की तो बिशप त्याला आपली पुतणी आणि एका प्रांताचा कारभार देऊ करतो, आणि दोन्ही नाकारून रोमला जाऊन तो परत लिऑनला येतो. पुढे राजकारणात तो बिशप मारला जातो, तेव्हा विल्फ्रिडही कपडे उतरवून मरणाला सामोरा उभा राहतो. हा परदेशी आहे, ब्रिटनचा आहे, असे कळल्यावर मारेकरी त्याला सोडून देतात. स्टीफनला यात हौतात्म्याची इच्छा दिसते. मला यात त्या काळच्या युरोपात मोठ्या धर्मपीठावर बसणे म्हणजे किती जोखमीचे राजकीय काम होते, ते दिसते.

परत आल्यावर त्याला ओस्विऊचा मुलगा आल्खफ्रिथ याचा आश्रय मिळतो आणि त्याच्याकडून रिपनचा मठ ३० हाइड जमिनीसह मिळतो. हाइड म्हणजे एका कुटुंबाचा निर्वाह होईल एवढी जमीन, त्यामुळे हे दान लहान नव्हते. या संग्रहाची खरी किंमत येथे कळते. स्टीफनने रिपनचे दान साजरे केले आहे, पण तेथे आधी कोण राहत होते याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. पन्नासेक पाने मागे जाऊन बीडचे कथबर्ट-चरित्र उघडले, की तेथे सापडते : रिपनचा मठ मुळात मठाधिपती एआटा आणि त्याच्याबरोबर मेलरोजच्या मठातून आलेल्या मंडळींचा होता, तरुण कथबर्ट तेथे पाहुण्यांची व्यवस्था पाहत असे, आणि या सगळ्यांना तेथून घालवून ती जागा ‘दुसऱ्या’ संन्याशांना देण्यात आली. हे दुसरे कोण, ते बीड या चरित्रात सांगत नाही. एकाच्या चरित्रात घालवले गेलेले लोक नाहीत, दुसऱ्याच्या चरित्रात घालवून त्या जागी बसणारा नाही. दोन्ही पुस्तके वेगवेगळी विकत घेतली असती तर ही जोडणी वाचकाने बहुधा केली नसती. एकाच बांधणीत आल्यामुळे ती आपसूक होते.

६६४मध्ये व्हिट्बी येथे, हिल्ड या मठाधिपतिणीच्या मठात, ईस्टरचा प्रश्न निकालात काढण्यासाठी सभा भरली. विल्फ्रिडने रोमची बाजू मांडली, लिंडिसफार्नचा बिशप कोलमान याने आयरिश. स्वर्गाच्या किल्ल्या येशूचा शिष्य आणि रोमचा आद्य संत पीटर याच्याकडे आहेत की आयोनाचा संस्थापक कोलंबा याच्याकडे, असा प्रश्न ओस्विऊने हसत विचारला, असे स्टीफन लिहितो. ते हसू मला फार महत्त्वाचे वाटते, कारण राजाचा निर्णय सभेपूर्वीच झालेला असावा अशी शंका त्यातून येते. या प्रसंगाचे सविस्तर वादविवादासह वर्णन बीडच्या इतिहासात आहे आणि ते स्टीफनपेक्षा कितीतरी सरस आहे, म्हणून येथे फार थांबण्याचे कारण नाही. कोलमान आपल्या लोकांसह निघून गेला, आणि थोड्याच काळात विल्फ्रिडची यॉर्कचा बिशप म्हणून निवड झाली.

त्यानंतर त्याने जे केले ते त्याच्या स्वभावाला धरून होते. घरच्या मैदानातील बिशपांकडून दीक्षा घेणे त्याला मंजूर नव्हते, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या शुद्धतेबद्दल त्याला शंका होती. तो समुद्र ओलांडून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, कॉंपिएन्य येथे गेला, आणि तेथे बिशपांनी त्याला सोन्याच्या आसनावर बसवून स्वतःच्या हातांनी उचलून प्रार्थनामंदिरात नेले. परतताना वादळाने त्याचे जहाज ससेक्सच्या किनाऱ्यावर आपटले. त्या भागातले लोक अजून ख्रिस्ती झालेले नव्हते. त्यांचा पुरोहित उंच टेकाडावर उभा राहून शाप देऊ लागला, तेव्हा विल्फ्रिडच्या एका सोबत्याने गोफणीतून दगड मारून त्याला ठार केले. स्टीफनच्या हिशेबी विल्फ्रिडबरोबर १२० माणसे होती. एवढा लवाजमा घेऊन फिरणारा बिशप घरी पोहोचतो तर काय, त्याच्या जागेवर राजाने चाड नावाचा दुसरा माणूस बसवलेला. विल्फ्रिड मुकाट्याने रिपनला गेला. ६६९मध्ये कँटरबरीचा नवा आर्चबिशप थिओडोर आला, तेव्हा कुठे त्याला यॉर्क परत मिळाले.

पुढची आठ-नऊ वर्षे त्याच्या वैभवाची आहेत आणि स्टीफनची लेखणी येथे खुलते. यॉर्कच्या पडक्या चर्चला शिशाचे छप्पर घातले, खिडक्यांना काचा बसवल्या, त्यामुळे आत पाऊस आणि पक्षी येईनासे झाले. रिपनला घडीव दगडाचे, खांबांचे नवे चर्च उभे राहिले. हेक्समच्या चर्चबद्दल तर आल्प्सच्या अलीकडे अशी दुसरी इमारत आपल्या ऐकिवात नाही, असे स्टीफन लिहितो. वरच्या इमारती काळाच्या ओघात गेल्या. पण रिपन आणि हेक्सम या दोन्ही ठिकाणची विल्फ्रिडची तळघरे आजही शाबूत आहेत, आणि हेक्समच्या तळघरात जवळच्या रोमन वसाहतीतून आणलेले कोरीव दगड भिंतीत बसवलेले दिसतात. इंग्लंडात राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला जाणाऱ्या मराठी वाचकाने हे चरित्र आधी वाचून मग त्या अरुंद पायऱ्या उतराव्यात.

रिपनच्या वास्तुसमर्पणाचे प्रकरण, म्हणजे सतरावे, मी या पुस्तकातील सर्वांत मौलिक प्रकरण मानतो. ओस्विऊनंतर राजा झालेला त्याचा मुलगा एकफ्रिथ आणि एकफ्रिथचा भाऊ एल्फविने हजर आहेत, मठाधिपती, मांडलिक आणि कारभारी जमले आहेत, वेदीवर सोन्याची नक्षी असलेले जांभळे वस्त्र आहे, जांभळ्या चर्मपत्रावर सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली शुभवर्तमाने रत्नजडित पेटीत ठेवली आहेत. अशा वेळी विल्फ्रिड वेदीसमोर उभा राहतो आणि लोकांकडे तोंड करून, राजांनी आपल्याला दिलेल्या जमिनींची यादी बिशपांच्या आणि सरदारांच्या सह्यांच्या हवाल्याने मोठ्याने वाचतो. यादी संपल्यावर तो आणखी काही जागा मोजून दाखवतो : रिबल नदीच्या आसपास, डेंटच्या मुलखात, अशा ठिकाणची ती पवित्र स्थाने, जी ब्रिटिश, म्हणजे आजच्या वेल्श लोकांच्या पूर्वजांच्या, धर्मगुरूंनी ‘आपल्या लोकांच्या तलवारीला’ भिऊन सोडून दिली होती. मग तीन दिवस आणि तीन रात्री मेजवानी. एका समाजाला हुसकावून त्याची देवस्थाने बळकावल्याची इतकी उघड नोंद, तीही अभिमानाने केलेली, संतचरित्रात सापडते याचे कारण स्टीफनला त्यात लपवण्यासारखे काही वाटतच नव्हते.

लगेच पुढच्या प्रकरणात एक बाई आपले मेलेले मूल बाप्तिस्म्याच्या निमित्ताने विल्फ्रिडपुढे धरते आणि तो त्या मुलाला प्रार्थनेने जिवंत करतो. चमत्काराची ही एरवी ठरीव वाटणारी कथा आहे. फरक पडतो तो शेवटी. मूल सात वर्षांचे झाले की देवाच्या सेवेसाठी माझ्याकडे आणून दे, अशी विल्फ्रिडची अट असते, आणि ती आई नवऱ्याच्या सांगण्यावरून मुलासह गाव सोडून पळून जाते. बिशपाचा होक्का नावाचा कारभारी ब्रिटिश लोकांत लपलेल्या त्या मुलाला शोधून काढतो आणि जबरदस्तीने घेऊन येतो. त्याचे नाव एओडवाल्ड. तो रिपनला राहिला आणि साथीत मेला. स्टीफन हे बिशपाच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून सांगतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र ती आईच उभी राहते, आणि तिचे नाव स्टीफनने दिलेले नाही.

६७८मध्ये घडी विस्कटते. एकफ्रिथची दुसरी राणी युरमिनबर्ग राजाचे कान भरते. काय सांगून? तर विल्फ्रिडची श्रीमंती, मठांची संख्या, इमारतींचा थाट, आणि राजाच्या सैनिकांसारखी वस्त्रे व शस्त्रे बाळगणारा त्याचा असंख्य माणसांचा ताफा. स्टीफन या राणीला बायबलमधल्या दुष्ट राणीच्या, ईजबेलच्या, पंक्तीला बसवतो. गंमत अशी की, तिच्या तोंडी घातलेला प्रत्येक आरोप त्याने स्वतःच मागच्या दहा प्रकरणांत पुराव्यासह मांडून ठेवला आहे. सरदार आपली मुले विल्फ्रिडकडे शिकायला ठेवीत आणि मोठी झाल्यावर ती मठात किंवा राजाच्या सैन्यात जात, हेही त्यानेच सांगितले आहे. आर्चबिशप थिओडोर विल्फ्रिडचा अवाढव्य प्रदेश तोडून त्यावर दुसरे बिशप नेमतो. माझा गुन्हा काय, असे विल्फ्रिड भर दरबारात विचारतो, तेव्हा राजा आणि आर्चबिशप उत्तर देतात की, गुन्हा कोणताही नाही, पण निर्णय बदलणार नाही. प्रशासकीय दृष्टीने थिओडोरचे चुकले असे मला वाटत नाही. एका माणसाला सांभाळता येऊ नये एवढा तो प्रदेश होता. चुकले ते रीतीत, आणि तेवढ्या एका फटीवर विल्फ्रिडने पुढची जवळजवळ तीस वर्षे खटला चालवला.

राजाच्या रागाचे आणखी एक कारण असावे, ते स्टीफन अर्धवट सांगतो. एकफ्रिथची पहिली राणी एथेलथ्रिथ हिने लग्नानंतरही कौमार्य जपले आणि शेवटी विल्फ्रिडच्याच हातून दीक्षा घेऊन ती संन्यासिनी झाली. संसारासाठी राणीचे मन वळवलेस तर जमीन आणि पैसा देईन असे राजाने आपल्याला सांगितले होते, हे स्वतः विल्फ्रिडने बीडला सांगितले, आणि बीडने ते इतिहासात नोंदवले. हेक्समची जमीन विल्फ्रिडला दिली ती याच राणीने. हा दुवा फार्मर यांच्या टीपांत जितक्या ठळकपणे यायला हवा तितका येत नाही, अशी माझी तक्रार आहे.

विल्फ्रिडने रोमला, पोपकडे दाद मागितली. असे करणारा तो पहिला इंग्रज बिशप समजला जातो. स्टीफनच्या कथनाला येथून प्रवासवर्णनाचा वेग येतो. शत्रूंनी वाटेत पाळत ठेवली होती, पण वाऱ्याने त्याचे जहाज फ्रिसियाला, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्याला नेले; आणि त्याच सुमारास त्या वाटेने जाणारा लिचफील्डचा पदच्युत बिशप विन्फ्रिड हा केवळ नावात एका अक्षराचा फरक असल्यामुळे पकडला गेला, लुबाडला गेला आणि त्याचे सोबती मारले गेले. बिचाऱ्या विन्फ्रिडबद्दल हळहळ व्यक्त करायला स्टीफन थांबत नाही. आपला माणूस वाचला यातच तो खूश आहे. फ्रिसियाचा राजा आल्डगिस्ल याला फ्रँक सत्ताधीश एब्रोइन सोन्याच्या मोहरांनी भरलेले माप देऊ करतो, विल्फ्रिड जिवंत दे नाही तर त्याचे मुंडके दे म्हणून. आल्डगिस्ल ते पत्र मेजवानीत सर्वांसमोर वाचायला लावतो, फाडतो आणि आगीत टाकतो. हा राजा ख्रिस्ती नव्हता, आणि संपूर्ण चरित्रात सर्वांत सरळ वागणारा राजा मला तरी तोच वाटला.

पोप अगाथोने ६७९मध्ये निकाल विल्फ्रिडच्या बाजूने दिला. शिक्कामोर्तब झालेला तो निकाल घेऊन तो घरी आला, तर एकफ्रिथने, हा पैसे देऊन आणला आहे असे म्हणून, त्याला नऊ महिने कैदेत टाकले; त्याच्या गळ्यातली पवित्र अवशेषांची पेटी राणीने काढून घेतली आणि ती स्वतःच्या गळ्यात घालून ती रथातून फिरू लागली. बेड्या त्याच्या हातापायांना कधी लहान तर कधी मोठ्या होत, हा चमत्कार कोणालाही सुचेल असा आहे. पवित्र पेटी दागिन्यासारखी मिरवणारी राणी मात्र कोणाला सुचणार नाही, ती कोणीतरी पाहिलेली असणार. सुटकेनंतर त्याने ससेक्सच्या, म्हणजे पूर्वी त्याला मारायला उठलेल्या लोकांना ख्रिस्ती केले आणि सेल्सी येथे ८७ हाइड जमीन मिळवली. एकफ्रिथ ६८५मध्ये पिक्ट लोकांशी लढताना मारला गेला, विल्फ्रिड परत आला, पाचेक वर्षांत नव्या राजाशी बिनसून पुन्हा बाहेर पडला, आणि ७०३च्या सुमारास ऑस्टरफील्ड येथील सभेत त्याला न वाचलेल्या निर्णयाखाली सही करायला सांगण्यात आले.

तिसऱ्यांदा रोमला गेला तेव्हा विल्फ्रिड सत्तरीच्या घरात होता. पोप जॉन सहावा याच्यापुढे चार महिन्यांत ७० बैठका झाल्या, असे स्टीफन सांगतो, आणि मग एक वाक्य लिहितो ज्यासाठी मी या पुस्तकाचे पैसे वसूल झाले असे मानतो : न्यायाला बसलेले बिशप मध्येच आपसात ग्रीकमध्ये बोलू लागले, गालातल्या गालात हसले आणि बरेच काही आमच्यापासून लपवले. या ओळीचा कोणत्याही चमत्काराशी, बोधाशी किंवा बायबलमधल्या दाखल्याशी संबंध नाही. उत्तरेकडून आलेली, मोडक्यातोडक्या आत्मविश्वासाने उभी असलेली फिर्यादी मंडळी आणि समोर परक्या भाषेत कुजबुजणारे मोठ्या शहरातले लोक, हे त्या दालनात हजर असलेल्यालाच दिसले असणार. स्टीफन तेथे होता की त्याला कोणी सांगितले, याने फरक पडत नाही. हे ऐकीव असले तरी पहिल्या हाताचे ऐकीव आहे.

परतीच्या वाटेवर मो या गावी तो आजारी पडला, देवदूत मायकेलने आणखी चार वर्षांचे आयुष्य दिल्याचा दृष्टान्त त्याला झाला, आणि निड नदीकाठच्या सभेत शेवटी तडजोड झाली : रिपन आणि हेक्सम मिळाले, यॉर्क नाही. इतक्या लढाईनंतर पदरात पडले ते एवढेच. ६३वे प्रकरण, ज्यात तो मरणापूर्वी रिपनचा खजिना उघडायला लावतो, ते या चरित्राचा कळस आहे. सोने, चांदी आणि रत्ने निवडक साक्षीदारांसमोर मांडून त्यांचे चार वाटे केले जातात. सर्वांत चांगला वाटा रोमच्या चर्चसाठी. दुसरा गोरगरिबांसाठी. चौथा, ज्यांनी त्याच्याबरोबर वनवास भोगला पण ज्यांना तो जमीन देऊ शकला नाही त्यांच्यासाठी. आणि तिसरा रिपन व हेक्समच्या मठप्रमुखांसाठी, राजांची आणि बिशपांची मैत्री विकत घेता यावी म्हणून. कोणत्याही शत्रूने विल्फ्रिडवर याहून जास्त काही लिहिले नसते, आणि हे लिहिणारा त्याच्यावर जीव ओवाळून टाकणारा माणूस आहे. ओंडल येथील मठात तो वारला तेव्हा पक्ष्यांच्या पंखांचा आवाज ऐकू आला, असे पुढे येते. पण वाटण्यांच्या हिशेबानंतर ते पंख जरा फिके पडतात.

आता कथबर्टविषयी. त्याचे चरित्र बीडने ७२१च्या सुमारास लिहिले आणि लेखन म्हणून ते स्टीफनच्या कितीतरी वरचे आहे. समुद्रात उभा राहून रात्रभर प्रार्थना केलेल्या कथबर्टचे पाय ऊदमांजरे फुंकर घालून उबदार करतात, अपराधी कावळे डुकराच्या चरबीचा गोळा नजराणा म्हणून आणतात आणि तो येणाऱ्या पाहुण्यांना बुटांना चोळायला देतो, हे प्रसंग जगभर गेले आहेत. मला त्याहून शेवटचा भाग अधिक भिडतो : वादळामुळे पाच दिवस फार्न बेटावर एकटा अडकलेला आजारी कथबर्ट लिंडिसफार्नचा मठाधिपती हेरेफ्रिथ याला सांगतो की, या दिवसांत मी याच्यावर राहिलो, आणि अंथरुणाखालून पाच कांदे काढून दाखवतो, त्यांतल्या एकाचा अर्ध्याहून कमी भाग कुरतडलेला असतो. प्रस्तावनेत बीड सांगतो की, मसुदा हेरेफ्रिथसारख्या माहीतगारांकडून तपासून घेतला, मग लिंडिसफार्नच्या वडीलधाऱ्यांसमोर दोन दिवस वाचून दाखवला. लीळाचरित्र वाचलेल्या वाचकाला, कोणी काय पाहिले-ऐकले ते विचारत फिरणाऱ्या म्हाइंभटाची येथे आठवण येईल; बीडचा काळ त्याच्या साडेपाचशे वर्षे आधीचा आहे.

पण बीडची ही काळजी नेमके काय गाळते, तेही पाहायला हवे. ६८७मध्ये कथबर्ट गेल्यावर लिंडिसफार्नवर असे संकटाचे वारे सुटले की अनेक बांधवांनी तेथून निघून जाणे पत्करले, एवढेच तो लिहितो. त्या वर्षी लिंडिसफार्नचा कारभार विल्फ्रिडकडे होता, हे बीडनेच दहा वर्षांनी लिहिलेल्या इतिहासात सांगितले आहे, पण तेथे वाऱ्याचा उल्लेख नाही. कथबर्ट आणि विल्फ्रिड जवळजवळ एकाच वर्षी जन्मले, एकाच प्रदेशात वावरले, आणि एक दोन वर्षेही बिशप नव्हता तर दुसरा ४६ वर्षे होता. या दोघांच्या चरित्रकारांनी एकमेकांच्या नायकाबद्दल पाळलेले मौन इतके जमून आलेले आहे की ते ठरवून केल्यासारखे वाटते. त्यात भर म्हणजे स्टीफनने आपल्या प्रस्तावनेसाठी वाक्येच्या वाक्ये उचलली आहेत ती लिंडिसफार्नच्या एका अनामिक संन्याशाने आधी लिहिलेल्या कथबर्ट-चरित्रातून. प्रतिस्पर्ध्याच्या घरातूनच भांडी आणून आपल्याकडची पंगत वाढण्याचा हा प्रकार आहे.

राहिलेल्या मजकुरापैकी मठाधिपतींचा इतिहास शांतपणे वाचण्याजोगा आहे. या मठांचा संस्थापक बेनेडिक्ट बिस्कोप याने रोमहून पुस्तके आणि चित्रे, गॉलहून काचकाम करणारे कारागीर आणले, आणि केओलफ्रिथ ७१६मध्ये पोपला भेट देण्यासाठी प्रचंड बायबल घेऊन निघाला व वाटेत लांग्र येथे वारला, तेच बायबल आज फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. ब्रेंडनचा समुद्रप्रवास मौजेचा आहे, पण तो आयरिश आहे, कल्पित आहे आणि बीडच्या काळाशी त्याचा संबंध नावापुरता आहे. जुन्या आवृत्तीत होता म्हणून राहिला, यापेक्षा वेगळे कारण मला दिसत नाही.

उणिवा तीन. विल्फ्रिड-चरित्राच्या लेखकाचे नाव या आवृत्तीत ‘एडिअस स्टेफानस’ असे दिले आहे. बीडच्या इतिहासात विल्फ्रिडने केंटहून आणलेल्या, स्टीफन असेही म्हटल्या जाणाऱ्या एडी नावाच्या एका गायनशिक्षकाचा उल्लेख आहे, त्यावरून ही ओळख जोडली गेली. आज अभ्यासक ती पक्की मानत नाहीत आणि ‘रिपनचा स्टीफन’ असेच म्हणतात. दुसरी, वेब यांचे भाषांतर प्रवाही आहे पण स्टीफनची बायबलच्या दाखल्यांनी लदलेली, थोडी फुगीर शैली त्यात सपाट होते, त्यामुळे तो मुळात आहे त्यापेक्षा अधिक समजूतदार वाटू लागतो. तिसरी, टीपांचे तुटपुंजेपण. ज्याला खोलात जायचे आहे त्याने बर्ट्रम कोलग्रेव्ह यांची १९२७ची केंब्रिजची आवृत्ती ग्रंथालयातून मिळवावी. समोरासमोर लॅटिन आणि इंग्रजी असलेली ती आवृत्ती आजही उपयोगी आहे, आणि मूळ मजकूर केवळ दोन हस्तलिखितांत कसा टिकला तेही तीत कळते.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात १९६५चा संग्रह दिसला, तर विल्फ्रिड आणि कथबर्ट या दोघांसाठी तो पुरेसा आहे. मठाधिपतींचा इतिहास आणि फार्मर यांची प्रस्तावना हवी असेल तर १९८३ची, आणि केओलफ्रिथचे अनामिकाने लिहिलेले चरित्रही हवे असेल तर त्यानंतरची आवृत्ती पाहून घ्यावी. वाचताना क्रम बदलावा, असे सुचवतो : आधी कथबर्टची पहिली आठ प्रकरणे, रिपनहून झालेल्या हकालपट्टीपर्यंत, मग विल्फ्रिडचे संपूर्ण चरित्र, आणि त्यानंतर कथबर्टचा उरलेला भाग.